अस्पष्ट, पण आहे

३ फेब्रुवारी, सोमवार

यंत्र आलं. वर्षभर ज्याच्या नावाने बैठका झाल्या, ते खोक्यातून निघालं तेव्हा छोट्या ओव्हनएवढं. शिपाई म्हणाला, "साहेब, याच्यासाठी आपण दार मोठं करून घेतलं?" सगळे हसले. मीही.

एखाद्या जीवाणूचा अख्खा जिनोम, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, हे यंत्र वाचतं. वाचलेलं जुळवायला एक बाई नेमल्या आहेत. त्यांच्या पदाचं नाव इतकं लांब आहे की शेवटापर्यंत कोणी पोचत नाही. दुपारच्या डब्यापर्यंत त्यांचं 'आकडेबाई' झालं होतं. त्यांनी मनावर घेतलं नाही. म्हणाल्या, "नाव ठेवायचंच होतं, तर पहिल्याच दिवशी ठेवलंत हे बरं केलंत. दुसरीकडे महिना लागला होता."

पहिलं काम ठरलं: फ्रीझरमधले जुने जीवाणू काढून त्यांची जात पुन्हा ठरवायची. सुरुवात लिस्टेरियापासून. या घराण्यात दोन भावंडं अशी आहेत की आम्ही त्यांना 'खरा' आणि 'तोतया' म्हणतो. खरा घातक. गरोदर बाईच्या पोटात गेला तर मूल राहत नाही. तोतया दिसायला हुबेहूब तसाच, राहतो तिथेच, म्हणजे दुधात, चीजमध्ये, गटारात. पण कोणाच्या वाटेला जात नाही. दोघांना वेगळं करायला आमच्या हाती वर्षानुवर्षं मुख्य चाचणी एकच, रक्ताची प्लेट: रक्त मिसळलेल्या थरावर जीवाणू वाढवून बघायचं. खरा आपल्याखालचं रक्त विरघळवतो आणि एक बारीक पारदर्शक कडं सोडतो. तोतया सोडत नाही. हे कडं इतकं नाजूक की पुष्कळदा वाढलेल्या जीवाणूंच्या ठिपक्याच्या, म्हणजे कॉलनीच्या, खालीच लपलेलं असतं. सुईने कॉलनी बाजूला सारायची, प्लेट उजेडाकडे धरायची आणि बघायचं. या कामात माझ्या डोळ्यांचं नाव होतं. इतर प्रयोगशाळांतूनही प्लेटा यायच्या.

यादीत एकोणचाळीस नमुने आहेत. त्यात १७/४ आहे. भाऊजींचं चीज.

निवृत्तीला पाच महिने राहिले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नव्या लोकांचं प्रशिक्षण. दर वर्षीप्रमाणे तो किस्सा सांगितला. नावं घेत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं.

अठरा वर्षांपूर्वी मला प्रमुख होऊन तीन आठवडे झाले होते. माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचा चीजचा कारखाना होता, अकरा कामगारांचा. त्यांच्या समोरच राहणाऱ्या एका शिलाईकाम करणाऱ्या बाईंचं बाळ सातव्या महिन्यात गेलं. त्यांनी ते चीज खाल्लं होतं. नमुना आमच्याकडे आला. दुसऱ्या कोणाकडे सोपवता आला असता. मी सोपवला नाही. स्वतः प्लेट पाहिली, कडं दिसलं, 'घातक' असा रिपोर्ट दिला. कारखाना बंद झाला तो पुन्हा उघडला नाही. खात्याने त्या वर्षी माझं जाहीर कौतुक केलं: याने आपला-परका पाहिला नाही.

मी हा किस्सा मिरवायला सांगत नाही. हे काम करताना मन कसं ठेवायचं, ते कळावं म्हणून सांगतो.

आकडेबाईंनी हात वर केला. "सर, घरातली केस होती तर तुम्ही स्वतः का वाचलीत?"

"कोणी म्हणू नये म्हणून, की नातं आडवं आलं."

"म्हणजे वाचायच्या आधीच तुम्ही एका बाजूला झुकला होतात. उलट्या बाजूला."

वर्ग हसला. मीही हसलो. हुशार आहेत. अनुभव कमी आहे, येईल.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पहिली तुकडी वाचून झाली. आकडेबाई दारात उभ्या राहिल्या. एरवी सरळ आत येऊन खुर्ची ओढतात.

"सर, एकोणचाळीसमधले तीन चुकीच्या घरात राहतायत."

"इतके चालायचेच. कोणते?"

त्यांनी कागद ठेवला. तिसरा १७/४.

हिशेब सोपा आहे. दोन जिनोम शेजारी ठेवायचे आणि किती टक्के जुळतात ते काढायचं. पंच्याण्णवच्या वर जुळले तर एक जात, खाली तर वेगळी. भाऊजींच्या चीजमधला जीवाणू खऱ्याशी अठ्ठ्याऐंशी टक्के जुळतो. तोतयाशी जवळजवळ नव्याण्णव.

"आणि रक्त विरघळवणारा जनुक?" मी विचारलं.

"नाही."

"बिघडलेला असेल. तुटका."

"तुटका असता तर तुकडे दिसले असते. तो सबंध पट्टाच नाही, सर. याच्या हातून रक्त विरघळणं शक्यच नव्हतं."

मी म्हणालो, नळी बदलली असेल. अठरा वर्षांत फ्रीझर दोनदा हलवला आहे.

"असू शकतं," त्या म्हणाल्या. माझ्या वयाच्या माणसाशी बोलावं तशा सांभाळून बोलल्या. ते आवडलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कोठीतून त्या वर्षाचं रजिस्टर काढलं. पान सापडायला वेळ लागला नाही.

प्लेट लावणाऱ्या जुन्या तंत्रज्ञ बाईंच्या अक्षरात, पेन्सिलीने: 'कडं नाही.' त्यावर माझ्या शाईने: 'अस्पष्ट, पण आहे.' खाली माझी सही. तिच्या खाली त्यांची. त्यांनी ती मागाहून केली, मी सांगितल्यावर.

ती दुपार मी विसरलो होतो असं मला वाटत होतं. विसरलो नव्हतो. वरून तीनदा फोन येऊन गेला होता. बाई म्हणाल्या, "साहेब, मला नाही दिसत. उद्या दुसरी लावून बघू का?" मी म्हणालो, "उद्या लोक म्हणतील, मेहुण्यासाठी वेळ काढतोय." कॉलनी सारली, प्लेट खिडकीकडे धरली. कॉलनी सारताना सुई जोरात लागली तर खालचा थर खरवडला जातो, पातळ होतो आणि तिथून उजेड जास्त येतो. हे नवख्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मीच शिकवतो.

पण तेव्हा मला कडं दिसलं होतं. दिसलं म्हणूनच लिहिलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

१७/४ ची अठरा वर्षांपूर्वी त्याच आठवड्यात वाळवून सील केलेली एक काचेची कुपीही आहे. ती कधीच उघडली गेलेली नाही, त्यामुळे नळी बदलल्याची शंका तिथे राहत नाही. आज स्वतः फोडली. वाढायला ठेवली.

बायको म्हणाली, "अहो, डाळीत मीठ नाही हे तुम्हाला कळलंसुद्धा नाही." निवृत्तीचं मनावर घेतलंय असा तिचा समज आहे. तसाच राहू दिला.

११ मार्च, मंगळवार

कुपीतलाही तोतयाच. आकडा दशांशापर्यंत तोच.

बाहेरच्या एका केंद्राकडे पाठवायचं ठरवलं. आपलं यंत्र नवं आहे, माणसं नवी आहेत. एवढ्या गंभीर गोष्टीत घाई करून चालणार नाही. पूर्ण खात्री झाल्याशिवाय ताईच्या घरी काही बोलणं हा त्यांच्यावरच अन्याय होईल.

आकडेबाईंनी पत्राचा मसुदा मुकाट्याने टाइप केला. शेवटी विचारलं, "सर, तेव्हा किती प्लेटा लावल्या होत्या?"

"एक."

त्यांनी मान हलवली आणि छपाईला दिलं.

१६ मार्च, रविवार

ताईकडे जाऊन आलो. महिन्यातून एकदा जातोच. एवढं सगळं होऊनही मी येणं-जाणं सोडलं नाही, आणि त्यांनीही कधी दार लावलं नाही, हे सांगायला हवं.

भाऊजी पायरीवर बसले होते. चीज बनवणारा हा माणूस कॅन उघडला की वासावरून सांगायचा, आज गायींनी काय खाल्लंय. पुढची चौदा वर्षं बस आगारात सुट्या भागांच्या कोठीवर काढली. आता गुडघे गेलेत. चहा बिनदुधाचा घेतात.

"काय म्हणतोय साहेब? सुटतोय म्हणे."

"जूनअखेर."

"मग दोघं मिळून पायरी झिजवू."

आत आलो. भाऊजी मला म्हणाले, "तिला सांग, साखर जास्त झालीये." ताई हातभर अंतरावर. ती मला म्हणाली, "त्यांना सांग, डबा मी लपवून ठेवलेला नाही. स्वतः घ्यायची." म्हाताऱ्या नवराबायकोंचे खेळ. मला गंमत वाटली. पूर्वी इतकं नव्हतं बहुतेक.

समोर शिलाईवाली बाई दुकान उघडत होती. भाऊजी दारात दिसले तसं तिने अर्धं शटर पुन्हा खाली ओढलं. भाऊजी मुकाट्याने आत आले. बस पकडायला अजून मागच्या बाजूने, वळसा घालून जातात म्हणे.

निघताना ताई फाटकापर्यंत आली. "धाकट्या, काही बोलायला आला होतास का?"

"नाही गं. सहज."

"बरं," म्हणाली. मी कोपऱ्यावर वळलो तरी तिथेच उभी होती. वय झालं की माणसं निरोपाला जास्त वेळ घेतात.

२ एप्रिल, बुधवार

बाहेरच्या केंद्राचं पत्र: आणखी दहा दिवस लागतील. काही हरकत नाही.

निरोप समारंभाची समिती आली होती. एक छोटी पुस्तिका काढणार आहेत. त्यात 'तो' प्रसंग माझ्याच शब्दांत हवा. मथळाही त्यांनी ठरवलाय: 'रक्ताच्या नात्याहून मोठं'. मी म्हणालो, बघू. दोन ओळी लिहून पाहिल्या. दोन्हींत 'मी' हा शब्द फार आला. कागद फाडला.

११ एप्रिल, शुक्रवार

केंद्राचं उत्तर आलं. तोतया. आता चौथ्यांदा तपासायला पाठवायला जागा नाही.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडायची थांबली.

"मग चला. आत्ताच."

"आत्ता? जरा विचार करून. निवृत्ती होऊन जाऊ दे. नाहीतर लोक म्हणतील, जाता जाता मेहुण्याला धुऊन काढलं."

"कोण लोक?"

मी निवडलेल्या भाजीचे देठ गोळा करायला लागलो.

"तुम्हाला फेब्रुवारीत कळलं," ती म्हणाली. "मार्चात तुम्ही त्यांच्याकडे जाऊन चहा पिऊन आलात."

"खात्री नव्हती."

"मला वाटायचं, तुम्ही मोठ्या मनाचे म्हणून त्यांच्याकडे जाता. मी ताईंना एकदा तसं म्हणाले पण होते." ती पुन्हा भाजी निवडायला लागली. "त्या नुसतं हसल्या होत्या."

१३ एप्रिल, रविवार

गेलो. सांगितलं.

वाटेत भाषण तयार केलं होतं. भाऊजींनी ते पुरं होऊ दिलं नाही.

"किती जुळतो म्हणालास?"

"तोतयाशी नव्याण्णव. खऱ्याशी अठ्ठ्याऐंशी."

"बराच फरक आहे रे," ते म्हणाले. एखाद्याने दुसऱ्याच्या गावचं हवामान सांगितल्यावर म्हणावं तसं. मला वाटलं होतं ते उठतील, ओरडतील. निदान रडतील. मी त्याचीही तयारी केली होती.

ताई उठून आत गेली. कपाटाचं दार वाजलं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद काढून तिने माझ्यापुढे ठेवला आणि उभीच राहिली.

एका खासगी प्रयोगशाळेचा रिपोर्ट. त्याच चीजच्या उरलेल्या अर्ध्या तुकड्याचा. तीन प्लेटा, तीन वेगवेगळ्या दिवशी, कडं एकीतही नाही. निष्कर्ष: निरुपद्रवी प्रकार. तारीख माझ्या रिपोर्टनंतर नऊ दिवसांची.

मी तो दोनदा वाचला. काम चोख होतं. त्यात मला एकही चूक काढता आली नाही.

"हा तुमच्याकडे अठरा वर्षं होता?"

"तिला विचार," भाऊजी म्हणाले.

ताई भिंतीकडे बघून बोलली. "तुला खुर्ची मिळून जेमतेम महिना झाला होता. आईने ओळखीच्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं, माझा मुलगा साहेब झाला. त्यात हा कागद बाहेर काढायचा? साहेब झाला आणि पहिल्याच मोठ्या केसमध्ये तोंडावर पडला, असं झालं असतं. तुझी नोकरी गेली असती, धाकट्या. मी यांना म्हटलं, कारखाना काय, चार वर्षांनी परत काढू."

"परत काढू," भाऊजी म्हणाले. "ऐकलंस ना? काढू."

"चुकलं माझं. किती वेळा सांगू?"

"मला नको सांगूस." इतक्या महिन्यांत मी त्यांना तिच्याकडे बघून बोललेलं पहिल्यांदाच ऐकलं. "मी तर तेव्हाच विसरलो असतो. दुसऱ्या वेळी म्हणालो होतो, आता तरी दाखवू. तिसऱ्या वेळी तुझ्या पाया पडायचा बाकी होतो."

दुसरी वेळ, तिसरी वेळ म्हणजे खात्याकडे अपील करायच्या मुदती असाव्यात. मी विचारलं नाही. तिथे प्रश्न विचारण्याची माझी पायरी नव्हती.

मी माफी मागितली. ती मागायला जेवढे शब्द आहेत तेवढे सगळे वापरले.

"माफीचं मी काय करू?" भाऊजी म्हणाले. "गुडघ्यांना लावू? मी मूल मारलं नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझं दूध तापवताना मी स्वतः उभा असायचो. मला काही सांगू नकोस. समोर जा आणि तिला सांग."

"शिलाईवालीला?"

"मी सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, हा असंच म्हणणार. तू साहेब आहेस. जा. घरीच आहे, मशीनचा आवाज येतोय."

मी म्हणालो, नीट कागदपत्र घेऊन येतो, तोंडी सांगणं बरोबर दिसणार नाही. भाऊजींनी मान फिरवली. ताई मात्र पटकन म्हणाली, "हो, घाई नको करूस." तिला माझी अडचण समजते. लहानपणापासून समजते.

१५ एप्रिल, मंगळवार

खात्याकडे दुरुस्तीचं पत्र दिलं. त्यात झालेल्या चुकीचा दोष जुन्या पद्धतीच्या माथी मारला नाही. 'एकच प्लेट, ती मी पाहिली, सहकाऱ्याचं वेगळं मत डावललं' असं लिहिलं. संचालकांनी वाचून चष्मा काढला. "एवढं स्पष्ट कशाला? पद्धतीच्या मर्यादा म्हणा ना. खरंच आहे ते." मी म्हणालो, पद्धतीने तंत्रज्ञ बाईंना बरोबर सांगितलं होतं.

पुस्तिकेचं काम थांबवायला सांगितलं. जुन्या तंत्रज्ञ बाईंना फोन केला. त्यांच्या सुनेने उचलला. त्या जाऊन सहा वर्षं झाली.

आकडेबाईंनी पत्राची प्रत फायलीत लावली. म्हणाल्या, "सर, पुढच्या प्रशिक्षणात हा किस्सा मी सांगू का? शेवट बदलून?"

"सांगा."

चांगलं काम झाल्यासारखं वाटलं. दिवसभर हलकं वाटत होतं.

२० एप्रिल, रविवार

आज समोर गेलो. ताईकडे आधी गेलो नाही. परतताना जाईन असं ठरवलं होतं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. टेबलावर निळं कापड पसरलं होतं, त्यावर खडूच्या रेघा. बाईंनी डोकं वर न करता विचारलं, "उंची कमी करायची का?"

मी नाव सांगितलं नाही, हुद्दा सांगितला. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि स्टूल पुढे सरकवलं.

मी क्रमाने सांगितलं. जिनोम, टक्के, तीन वेळा तपासणी. कागद पुढे केले. त्यांनी हात लावला नाही.

"म्हणजे त्यांच्या चीजमुळे नाही."

"नाही."

"नक्की?"

"नक्की. तीनदा पाहिलं."

"तेव्हाही नक्कीच म्हणाला होतात," त्या म्हणाल्या. रागाने नाही. माप लिहून घेताना आकडा पुन्हा म्हणतात तसं. "मग कशामुळे?"

मी म्हणालो, ते सांगता येणार नाही. तुमचं रक्त तेव्हा कोणी घेतलं नव्हतं. तपासायला आता काहीच शिल्लक नाही.

"घेणार होते. दवाखान्यात मोठी यादी करून दिली होती, या एवढ्या तपासण्या. मग तुमचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, कारण सापडलं, आता यादीची गरज नाही. मलाही बरं वाटलं. सुया टोचून टोचून हात काळा झाला होता." त्यांनी निळ्या कापडावरची एक सुरकुती हाताने सारखी केली. "दोन वर्षांनी परत तेच झालं. सातवा महिना. डॉक्टर म्हणाले, मागच्याचं कारण वेगळं होतं, ते आता नाही, हा योगायोग. मग तिसऱ्यांदा. मी तेव्हा चीज सोडा, बाहेरचं पाणीसुद्धा पीत नव्हते. तिसऱ्यांदा गेल्यावर एका नव्या डॉक्टरने विचारलं, पहिल्या वेळी तपासण्या का नाही केल्या? तेव्हा केल्या असत्या तर कदाचित गोळ्यांवर निभावलं असतं. कदाचित म्हणाला तो. तोवर माझं वय गेलं होतं."

बाहेरून एक मोटारसायकल गेली. भाऊजींची दुसरी वेळ आणि तिसरी वेळ कोणती, ते मला तिथे कळलं.

"त्या माणसाच्या तोंडावर मी अठरा वर्षं शटर ओढलं," त्या म्हणाल्या. "एकदा त्यांचा नोकर घरी आला होता, काही लागलं तर सांगा म्हणून. त्याच्या अंगावर मी बादलीतलं पाणी फेकलं. ते कधी एका शब्दाने बोलले नाहीत."

"चूक माझी आहे. त्यांची नाही, तुमचीही नाही."

"ते कळलं मला." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "एक सांगा. हे आत्ता यंत्राने सांगितलं. त्याआधी कोणालाच माहीत नव्हतं? त्या वेळी, किंवा माझ्या दुसऱ्या वेळच्या आधी? एवढ्या मोठ्या जगात कोणीच परत तपासून पाहिलं नव्हतं?"

मी त्यांच्या हाताखालच्या निळ्या कापडाकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. "कोणालाच माहीत नव्हतं."

त्यांनी मान हलवली. मग उठून शटर पूर्ण वर सरकवलं. समोरच्या खिडकीत ताई उभी होती. किती वेळ होती कोण जाणे. बाईंनी तिला पाहिलं, थोडं थांबल्या आणि हात वर केला. नुसता हात. बोलावलं नाही, हसल्या नाहीत.

ताईने हात वर केला नाही. ती खिडकीतून मागे सरकली आणि पडदा लागला.

"कमी दिसतं का हल्ली त्यांना?" बाईंनी विचारलं.

"डोळ्यांचा त्रास आहे," मी म्हणालो.

ताईकडे न जाताच घरी आलो. बायकोने विचारलं, "सांगितलंत सगळं?"

म्हटलं, हो, सगळं.